मागे गार्डकाका आहेत

गार्डकाका उभ्या जन्मात कोणाच्या पुढे गेले नाहीत. निदान सायकलवर तरी नाही. रविवारी सकाळी भिवंडीच्या धामणकर नाक्यावर आम्ही आठ-दहा जण सायकली घेऊन जमायचो, हेल्मेटचे पट्टे आवळायचो, जो आला नाही त्याच्या नावानं खडे फोडायचो आणि एकेक करून निघायचो. काका मात्र एक पाय जमिनीला टेकून उभेच. सगळे सुटले याची खात्री झाली की मग ते पेडलवर पाय ठेवायचे. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड असतो, तसे हे कायम शेवटी, म्हणून आमच्या डॉक्टरांनी त्यांना गार्ड म्हणायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, आमच्यात सर्वांत पुढे चालवणारे. त्यांनी ठेवलेलं नाव इतकं चिकटलं, की काकांचं खरं नाव ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं.

ते कामतघरचे. वाडवडिलांची खाडीकाठची भातशेती, पुढे तिथे यंत्रमागांच्या, म्हणजे लूमच्या, शेड उभ्या राहिल्या आणि शेतकऱ्याचे मालक झाले. घरामागच्या शेडमध्ये त्यांचे स्वतःचे लूम होते आणि तरुणपणापासून ते कारागिरांच्या बरोबरीनं त्या खडखडाटात उभे राहिले होते. आमची ओळख झाली तेव्हा साठी उलटलेली. भरघोस मिशा, गुडघ्यापर्यंतची चड्डी, वर घरातला जुना शर्ट आणि खाली साधी, स्टँडवाली, मडगार्डवाली सायकल. आमच्याकडे एकेकाच्या सायकली अशा, की त्या भिंतीला टेकवतानाही मालकाचा जीव वर-खाली व्हायचा.

आमच्यात ते आले तेच भांडण करून. अंजूरफाट्यावरून खारबावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आम्ही त्या काळी चौघेचौघे शेजारी गप्पा मारत जायचो. मला डॉक्टरांनी, दातांच्या नव्हे, खऱ्या डॉक्टरांनी, शुगर आहे म्हणून सायकल धरायला लावली होती, त्यामुळे व्यायामापेक्षा गप्पांवर माझा भर. खारबावला चहाच्या टपरीवर उतरलो, तर मागून एक अनोळखी गृहस्थ आले, सायकल स्टँडवर लावली आणि सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "तुम्ही सायकल चालवता का वरात काढता? मागं टेम्पोवाला केवढा येळ अडकला होता, एकानं तरी वळून बघितलं का?" डॉक्टर जरा बिथरले. मीही शाळेत बाई असल्यामुळे कोणी मला शिस्त शिकवलेली खपत नाही. पण चहा त्यांनी आमच्याबरोबरच घेतला आणि पुढच्या रविवारी न बोलावता नाक्यावर हजर झाले.  आम्ही निघालो आणि ते मागे लागले.

मग नियम सुरू झाले. मोठ्या रस्त्यावर एका मागे एक. पुढच्याच्या चाकाला आपलं चाक भिडवायचं नाही, मध्ये एक सायकल मावेल इतकी जागा सोडायची. अचानक ब्रेक मारायचा नाही. थांबायचं असेल तर आधी मागच्याला हात दाखवायचा, मग डांबर सोडून कडेला उतरायचं आणि मग काय तो फोन घ्यायचा. नाक शिंकरायचं असेल तर रांगेच्या मागे यायचं, कारण मागच्याच्या तोंडावर उडतं. हे त्यांनी डॉक्टरांनाच सांगितलं होतं. दुसऱ्यांच्या तोंडात हात घालून जगणारा माणूस त्या दिवशी लाजून लाल झालेला मी पाहिला.

आणि सगळं हातानं. खड्डा आला की त्या बाजूचा पंजा खाली, थांबायचं तर मूठ वर, खडी सांडलेली असली की बोटं हलवायची. या खुणांतल्या बऱ्याच शेडमधल्या. लूम चालू असताना शेजारचा माणूसही ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळा कारभार हातवाऱ्यांवर चालतो. सूत तुटलं, चहा आला, मालक आला, शिफ्ट सुटली, सगळ्याला खूण. बोटं हलवणं म्हणजे शेडमध्ये सूत तुटलं आणि आमच्याकडे खडी. रस्त्यावर ओरडायला त्यांची सक्त मनाई होती. पुण्या-मुंबईचे सायकलवाले मोठ्यांदा ओरडून सांगतात, आपणही ओरडू या, असं डॉक्टरांनी एकदा सुचवलं. काका म्हणाले, "कामतघर, नारपोली, सगळ्या चाळींत माणसं रातपाळी करून आत्ताच आडवी झालीत. तुमच्या व्यायामासाठी त्यांनी का उठायचं?"  आम्ही मुकाट्यानं हात हलवत जायला शिकलो.

एक आयटीवाला तरुण आमच्यात आला होता, समीर. सायकल उत्तम, दम उत्तम, पण कानात सतत गाणी. काकांनी पहिल्या रविवारी खुणेनं सांगितलं, दुसऱ्या रविवारी तोंडानं, आणि तिसऱ्या रविवारी त्याच्या कानातली ती दोन्ही बोंडं स्वतःच्या हातानं काढून त्याच्या खिशात घातली. शांतपणे, शर्टाचं बटण लावून द्यावं तसं. "कान उघडे ठेव. या रस्त्यावर मागून काय येतंय ते कानालाच पयलं कळतं," एवढंच बोलले. समीरच्या अंगाचा तिळपापड झाला, पण पुढच्या रविवारी तो गाण्यांशिवाय आला. मला तेव्हा वाटलं, काकांचा हा जरा अतिरेकच.

एक मात्र सांगते, ते मागे असले की रस्त्याची भीती वाटायची नाही. भिवंडीत सायकल चालवणं म्हणजे काय ते भिवंडीकरांना सांगायला नको. रस्त्यात खड्डे की खड्ड्यांत रस्ता, अंगावर येणारे कंटेनर, उलटे घुसणारे रिक्षावाले. पण मागून मोठी गाडी आली की काका बरोबर आधी दोनदा घंटी वाजवायचे, आम्ही कडेला सरायचो, आणि गाडी गेली की काका ड्रायव्हरला हात करायचे. त्याचा हॉर्न कितीही कोकलला असला तरी. मी एकदा म्हटलं, तो शिव्या देऊन गेला आणि तुम्ही त्याला सलाम कसले ठोकता? तर म्हणाले, तो उद्याही याच रस्त्यावर असणार आणि आपणही.

मी दमायचे. चढ आला की माझी पार वाट लागायची, आणि बाकीचे पुढे गेलेले असायचे. काका माझ्या मागे, माझ्याच वेगानं. चला म्हणणार नाहीत, सावकाश म्हणणार नाहीत. मी फारच धापा टाकायला लागले की मागून घंटी वाजायची. वळून बघावं तर काका खाली उतरून सायकलच्या साखळीशी काहीतरी खुडबुड करतायत. मग मलाही थांबावं लागायचं. त्यांची साखळी इतक्या वेळा उतरते, मग बदलून का घेत नाहीत, असं मला बरेच महिने प्रामाणिकपणे वाटत होतं. शेवटी समीरनंच मला बाजूला घेऊन सांगितलं, मॅडम, ती कधीच उतरत नाही.

आम्ही त्यांची चेष्टा करायचो ती आरशावरून. हँडलच्या उजव्या टोकाला त्यांनी स्कूटरचा गोल आरसा बसवला होता. सायकलवर आरसा म्हणजे अगदीच गावठी, असं आमच्यातल्या तज्ज्ञांचं मत. काका मिशा बघायला आरसा लावतात, काकूंनी नजर ठेवायला लावून दिलाय, वगैरे. काका हसायचे. पण कोणी त्या आरशाला हात लावलेला त्यांना आवडत नसे.

तो आरसा खारबावच्या टपरीवर फुटला. कोणाची तरी सायकल वाऱ्यानं कलंडली ती थेट काकांच्या सायकलवर. काच खळ्ळकन खाली. बाकी काही झालं नव्हतं, डॉक्टरांनी नवा आणून देतो म्हणून सांगितलं, विषय संपला. पण काकांचा चेहरा उतरला तो उतरलाच. चहाही अर्धा ठेवला. निघताना ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "मॅडम, आज तुम्ही शेवटी या. मी तुमच्या पुढं." मला अभिमानच वाटला. मला बढती मिळाली असं समजून मी ऐटीत मागे लागले.

परतीला एका ठिकाणी सिमेंटचा नवा रस्ता आणि जुनं डांबर यांच्या मध्ये लांबलचक फट आहे. माझं पुढचं चाक त्यात गेलं आणि मी धाडकन आडवी. गुडघा सोलला, कोपर सोललं, हेल्मेट रस्त्यावर आपटलं. काका माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होते. मी ओरडले. रातपाळीवाले झोपलेत की उठलेत याचा विचार न करता, पोटाच्या देठापासून ओरडले. काका वळले नाहीत. पुन्हा हाक मारली. त्यांची पाठ शांतपणे लहान होत गेली. मागून ट्रक येत होता, मी सायकल ओढत कशीबशी कडेला आले आणि ट्रक माझ्या बाजूनं गेला. मला दुखण्यापेक्षा राग जास्त आला होता.

ते सगळे अंजूरफाट्याला पोचले तेव्हा मी नाही हे लक्षात आलं. उलटे फिरून आले. काका सर्वांत आधी पोचले, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच ते सर्वांच्या पुढे होते. माझा गुडघा बघून ते सायकल तशीच टाकून माझ्यासमोर बसले. मी किती हाका मारल्या ते सांगितलं, तसे डॉक्टर भडकले. तुम्ही समोर होता, एवढ्या हाका मारल्या त्यांनी, एकही ऐकली नाही? एरवी आम्हाला नियम शिकवता! काकांनी त्यांचं बोलून होईपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाले, "मला मागचं ऐकायला येत न्हाय. लूमनं कान खाल्ले माझे. समोर बोललात तर कळतं, तोंड बघून. आरसा होता म्हणून चाललं होतं."

 इतकी वर्षं मागून येणारा प्रत्येक कंटेनर त्या माणसानं ऐकला नव्हता, बघितला होता. ओरडायला मनाई का, सगळं हातानं का, समीरच्या कानावर एवढा राग का, हे मला तिथे रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर पाणी ओतून घेताना समजलं. चाळीतल्या झोपलेल्या माणसांची काळजी खोटी नव्हती, तीही होतीच. पण ओरडलेलं त्यांना ऐकू आलं नसतं, हेही होतं.

डॉक्टरांनी नंतर माफी मागितली आणि ओळखीच्या कानाच्या डॉक्टरांचा नंबर दिला. काकांकडे कानातलं मशीन होतंच, मुलीनं घेऊन दिलेलं. सायकलवर ते चालत नाही, वारा सुटला की आतमध्ये शंभर लूम सुरू होतात, असं ते म्हणाले. मी म्हटलं, नवा आरसा लावा आणि या. पण त्यांनी मान हलवली. आरसा मागचं दाखवतो, पुढे कोणी हाक मारली ती दाखवत नाही. आणि ज्याला हाक ऐकू येत नाही, त्याच्या भरवशावर माणसं सोडायची नाहीत, हा हुकूम त्यांनी स्वतःवर स्वतःच बजावला. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. शेवटी कोणी राहायचं यावर चर्चा झाली आणि सर्वांत हळू मीच चालवते या एकाच गुणावर मी गार्ड झाले.

दोन-तीन आठवड्यांत माझ्या नाकी नऊ आले. मला सगळं ऐकू यायचं, हीच पंचाईत. प्रत्येक हॉर्नला मी दचकायचे, प्रत्येक ट्रकला घंटी वाजवायचे, पुढची माणसं वैतागायची. शेवटी एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी कामतघरला त्यांच्या घरी गेले. शुक्रवारी लूम बंद असतात. काकूंनी दारातच तक्रार सुरू केली, की हे घरात बसल्यापासून माझी ड्युटी डबल झालीय, भाजी चिरायची पद्धतसुद्धा मला शिकवतात. काका मागे शेडमध्ये बसले होते, बंद लूमच्या मध्ये, एका स्टुलावर. मी समोर जाऊन उभी राहिले आणि सावकाश बोलले. शेवटी राहू नका, मध्ये राहा. मी मागे आहे, डॉक्टर पुढे आहेत, तुम्ही नुसते मजेनं चालवा.

"मधी बसून मला मजा येत न्हाय, मॅडम," ते म्हणाले. "आणि उपयोग न्हाय त्या माणसासाठी बाकीच्यांनी रस्त्यावर दोन डोळे जास्तीचे लावायचे, हे बरोबर न्हाय."

मी म्हटलं, उपयोगाचं काय घेऊन बसलात? माझा तरी कोणाला काय उपयोग होतो? ते हसले नाहीत. माझ्या मागे तुम्ही पडलात आणि मी सरळ निघून गेलो, एवढंच म्हणाले, आणि मान फिरवली. मान फिरवली की त्यांना काही सांगता येत नसे, हे त्यांना चांगलंच माहीत होतं. मी थोडा वेळ बसले, काकूंचा चहा घेतला आणि घरी आले. फार वाईट वाटलं. एखाद्याची सायकल सुटणं ही काही मोठी गोष्ट नाही, पण त्या माणसाचं रस्त्यावरचं कामच सुटलं होतं.

अंजूरफाट्याच्या पुढे गोदामांच्या गल्लीचं एक तोंड आहे. तिथून कंटेनर वळण न बघता बाहेर पडतात आणि रस्त्यावरून येणाऱ्याला ते दिसत नाहीत. आमच्या सगळ्या वाटेवर मला धास्ती त्या एका जागेची. पुढच्याच महिन्यातल्या एका रविवारी आम्ही तिथे पोचलो, तर गल्लीच्या तोंडाशी हेल्मेट घातलेला माणूस उभा. सायकल बाजूला स्टँडवर, आणि हा रस्त्यावर, एका कंटेनरसमोर हात आडवा धरून. कंटेनरवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. त्या हॉर्नचा काकांवर काय परिणाम होणार? ते आमच्याकडे बघत होते. एकेक जण पुढे गेला, मी शेवटची गेले, मग त्यांनी हात खाली घेतला, ड्रायव्हरकडे वळून सलाम केला आणि सायकलवर बसून कामतघरकडे निघून गेले.

त्यानंतर दर रविवारी. आधी सांगणार नाहीत, नंतर बोलणार नाहीत. आमच्या आधी येऊन उभे आणि आम्ही पार झालो की घरी. चहाला कधी आले नाहीत. सुरुवातीला ड्रायव्हर शिव्या द्यायचे. मग हळूहळू बघावं तर कोणी ड्रायव्हर खाली उतरून काकांशी बोलतोय, कोणी तंबाखू पुढे करतोय आणि काका नको म्हणतायत. ते ड्रायव्हर उत्तरेकडचे, काका आगरी, पण हातवाऱ्यांना भाषा लागत नाही. एकदा मी तिथे मुद्दाम सायकल थांबवली. काकांनी हातानं हाकललं. "मधीच थांबायचं न्हाय. मागच्यानं काय करायचं?" मी म्हटलं, काका, माझ्या मागे कोणी नाही, शेवटची मीच. त्यांनी खरंच माझ्या मागे वाकून बघितलं आणि मग मोठ्यानं हसले. त्यांना तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

यंदा पाऊस संपता संपता ते गेले. आजार असा काही नाही. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. काकूंनी त्यांच्याच फोनवरून मला कळवलं. कामतघरच्या अरुंद रस्त्यावरून आम्ही सगळे चालत गेलो. अंत्ययात्रेची गर्दी रस्ताभर पसरली होती, मागे रिक्षा आणि टेम्पो अडकले होते. डॉक्टर माझ्या कानाशी म्हणाले, आत्ता बघितलं असतं, तर सगळ्यांना एका रांगेत लावलं असतं. मला हसू आलं आणि तसंच रडूही आलं. शेवटी आम्ही दहा जण खरोखरच कडेला एका मागे एक झालो. बाकी लोकांनी आमच्याकडे विचित्र नजरेनं बघितलं.

त्या रविवारी जावं की नाही यावर फोनाफोनी झाली. सुतकात आपण नाही, पण मन होत नाही, असं समीर म्हणाला. मीच म्हटलं, निघू या. निघालो.  गोदामांची गल्ली जवळ आली. आज तिथे कोणी असणार नाही, आज डॉक्टरांनी थांबून, बघून, एकेकाला सोडायला हवं, हे मी त्यांना सकाळीच सांगून ठेवलं होतं. लांबून मला गल्लीच्या तोंडाशी कंटेनरचं नाक बाहेर आलेलं दिसलं. डॉक्टरांनी मूठ वर केली. आम्ही सगळे कडेला उतरून उभे राहिलो. आधी त्याला जाऊ दे, म्हणून डॉक्टरांनी त्याला पुढे जायची खूण केली.

कंटेनर हलला नाही. इंजिन बंद झालं. दाढीवाला ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर वाकला, आमच्यावर नजर फिरवली, मग रस्त्याच्या कडेला जिथे ती सायकल स्टँडवर लावलेली असायची तिकडे बघितलं.

"आज चाचा नहीं आए?"

 मीच सांगितलं, कळेल अशा हिंदीत, चार दिवसांपूर्वी गेले म्हणून.  तो दार उघडून खाली उतरला, गाडीपुढे येऊन रस्त्यात उभा राहिला आणि मागून बाजूनं पुढे घुसू पाहणाऱ्या दुसऱ्या कंटेनरला त्यानं हात आडवा केला. मागचा हॉर्न मारायला लागला. यानं वळूनही पाहिलं नाही. आम्हाला म्हणाला, "जाइए. सब निकल जाओ, फिर मैं हटूँगा."

एकेक जण निघाला. डॉक्टर, समीर, बाकीचे. मी शेवटची. माझ्या मागे कोणी नाही हे त्यानं नीट वाकून बघितलं आणि मगच हात खाली घेतला.